रेवतीचे चार शुक्रवार

पद्माक्का,

तुम्ही गेलात त्याला आज सतरा दिवस झाले. केंद्रातल्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात, सरावाच्या फाइलमध्ये तुमच्या हातचे चार कागद आहेत. चारही कागदांवर उजव्या कोपऱ्यात हिरव्या पेनानं 'सराव' असं लिहिलंय. अक्षर माझं. कागदांवरचं बाकी जवळजवळ सगळं तुमचं, आणि ते सगळं खरं होतं, हे मला तुम्ही आयसीयूत गेल्यावर कळलं. मग तुमच्या मुलीला, वीणाला, हे सांगायचं की नाही, या एका प्रश्नानं दोन आठवडे मला जेवू दिलं नाही. काल राजाजीनगरला तुमच्या घरी जाऊन तिला भेटून आलो. म्हणून आज लिहायला बसलोय.

तुमच्यावर छापील मृत्युलेख लिहायला मला सांगू नका. तुम्ही किती वर्षं शाळेत शिकवलंत, किती पिढ्या तुमच्या हाताखालून गेल्या, ते तुमच्या शाळेचे लोक लिहितील. मी तुम्हाला ओळखतो ती विद्यापीठाच्या ग्रंथालयामागच्या त्या दोन खोल्यांतली. बाहेर चाफ्याचं झाड, आत प्लास्टिकच्या सहा खुर्च्या, आणि दारातच तुम्ही, प्रत्येक येणाऱ्याला 'ऊट आय्ता?' विचारत. जेवलास का, हा तुमचा पहिला प्रश्न. मुलगा बिहारचा असो नाहीतर बिदरचा, त्याला तो कळायचा.

मी कसा आलो तेही तुम्हाला ठाऊक आहे. जन्मभर पुण्याजवळच्या एका कारखान्यात तपासनीस होतो. तयार भाग हातात घ्यायचा, मापायचा, बरोबर की बाद ते ठरवायचं आणि शिक्का मारायचा. निवृत्त झालो, मुलाच्या नोकरीपायी इकडं कानडी मुलखात, हेब्बाळला आलो आणि बाराव्या मजल्यावर नुसता बसून राहिलो. 'माझ्या डब्यांची झाकणं तपासू नका, बाहेर कुठंतरी जाऊन तपासा काय ते,' असं म्हणून बायकोनं, सुधानं, माझं नाव तुमच्या केंद्राला परस्पर कळवून टाकलं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी निरोप टाकला होता: विद्यापीठाच्या मानसिक आरोग्य केंद्राला मदतनीस हवेत, वयाची अट नाही.

पहिल्याच दिवशी माझं आडनाव ऐकून तुम्ही म्हणालात, 'देशपांडे? मराठी की! आम्ही पण मराठीच वो. पण आमची मराठी ऐकून तुम्ही पुण्याचे लोक हसणार.' मी हसलो नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगत आलो. आता खोटं कशाला, थोडा हसलो होतो. तीनशे वर्षांपूर्वी तुमचे पूर्वज इकडं आले, तेव्हा माझे पूर्वज काय करत होते देव जाणे. पण शुद्ध भाषेचा मक्ता आपल्याकडंच आहे, असं पुणेकराला जन्मतःच वाटतं.

आपलं काम तसं बिनडोक. मूल दारात आलं की बसवायचं, पाणी द्यायचं, दहा प्रश्नांचा फॉर्म द्यायचा. झोप लागते का, भूक लागते का, अभ्यासात लक्ष लागतं का. दहावा प्रश्न जगावंसं वाटत नाही असं कधी वाटतं का, असा. त्यापुढं चार चौकोन: कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, रोज. पहिला चौकोन सोडून दुसऱ्या कुठल्याही चौकोनात खूण दिसली, की तो कागद गठ्ठ्यात ठेवायचा नाही. उठायचं, आणि हातात घेऊन थेट डॉक्टर मॅडमच्या खोलीत जायचं. आत काय बोलतात ते आपल्याला कळत नाही, कळून घ्यायचंही नाही. आपण उंबऱ्यापर्यंतचे.

आणि दर शुक्रवारी चार वाजता सराव. हा मॅडमचा दंडक. दोन खुर्च्या समोरासमोर. एकानं विद्यार्थी व्हायचं, नाव, गाव, दुःख सगळं मनानं रचायचं, फॉर्मसुद्धा भरायचा. दुसऱ्यानं त्याला हाताळायचं. बाकीच्यांनी बघायचं. संपलं की मदतनिसानं मोठ्यानं म्हणायचं, 'सराव संपला.' त्यानंतर त्या खुर्चीत जे बोललं गेलं त्याबद्दल कुणी कुणाला काही विचारायचं नाही. मॅडम कागद बघायच्या, चुका सांगायच्या, खाली एक ओळ शेरा लिहायच्या.

तुमच्याइतका विद्यार्थी कुणी रंगवला नाही. इंजिनियरिंगला तीनदा नापास झालेला मुलगा तुम्ही केलात तेव्हा आपली येलहंक्याची ती तरुण मदतनीस खरंच रडली होती. तुम्ही उठलात, पदर सारखा केलात आणि म्हणालात, 'अय्यो, सुम्मने रडते ही, उगाच. तो पास होईल की पुढच्या वर्षी.'

हिरव्या पेनाची अक्कल माझी. एकदा सरावाचा एक कागद खऱ्या गठ्ठ्यात गेला. मॅडम तासभर एका मुलीला शोधत राहिल्या, वसतिगृहात फोन, विभागात फोन. अशी मुलगीच नव्हती, ती आपण चार वाजता रचलेली होती. मला हे सहन होईना. माझ्या कारखान्यात नमुन्याचा भाग खऱ्या मालात गेला असता तर नोकरी गेली असती. पुढच्या शुक्रवारी मी घरून हिरवं पेन नेलं आणि ठरवून दिलं: सरावाच्या कागदावर आधी 'सराव' लिहायचं, मग बसायचं. मॅडमनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. तुम्हीही म्हणालात, 'देशपांडे सर आले, आता एक कागद इकडचा तिकडं व्हायचा नाही.' मी फुगलो. खोटा कागद खऱ्यांत जाऊ नये याची मी एवढी काळजी घेतली. खरा कागद खोट्यांत जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आपलं भांडण एकच होतं, आणि ते तसंच राहिलं. नियमाच्या पत्रकात लिहिलंय, दहावा प्रश्न एकदा विचारावा, सावकाश विचारावा, दबाव आणू नये. मी पत्रकाचा माणूस. तुमचं म्हणणं, एकदा विचारलं की माणूस रिवाजाचं उत्तर देतो. 'कसं आहे? बरं आहे. बस झालं. स्वल्प थांबायचं, पाणी द्यायचं, परत विचारायचं. दुसऱ्यांदा विचारल्यावर त्याला कळतं, हिला खरंच पाहिजे उत्तर.' मी म्हणायचो, अक्का, आपण डॉक्टर नाही, आपण उंटावरून शेळ्या हाकू नयेत. तुम्ही म्हणायचात, 'शेळी खड्ड्यात पडल्यावर उंटावरून उतरायला नको का वो?' बसथांब्यावर हे भांडण आपण किती वेळा केलं असेल. तुमची बस आली की तुम्ही वर चढून खिडकीतून आणखी एक मुद्दा सांगायचात, आणि मला तो गाडीच्या आवाजात ऐकू यायचा नाही. मी सगळं ऐकल्यासारखी मान हलवायचो.

आणि तरी त्या दुसऱ्यांदा विचारण्यानं तुम्ही मला सावरलं होतंत. हे मी सुधालाही सांगितलेलं नाही.

माझा तो तिसरा की चौथा सराव. विद्यार्थी व्हायची माझी पाळी होती. मी एक मुलगा रचला, बिचारा वसतिगृहात राहतो, सकाळी उठायचं कशासाठी ते त्याला कळत नाही. तुम्ही समोर होतात. दहावा प्रश्न तुम्ही विचारलात, मी 'कधीच नाही' म्हणालो. तुम्ही पाण्याचा पेला पुढं केलात. थांबलात. मग परत विचारलंत, अगदी हळू. आणि 'कधीच नाही' मला परत म्हणता येईना. सगळ्यांसमोर. मी खोकल्याचं निमित्त केलं. 'सराव संपला,' तुम्ही लगेच म्हणालात, आणि बाकीचे टाळ्या वाजवायला लागले, देशपांडे सरांनी काय अभिनय केला म्हणून.

बाहेर तुम्ही मला चाफ्याखाली थांबवलंत. कॅन्टीनमधून दोन कॉफ्या आणल्यात. म्हणालात, 'त्या खुर्चीतलं बाहेर विचारायचं नाही, नियम आहे. मी काय विचारत नाही. पण तो मुलगा कोण होता, मला ठाऊक आहे.' मग नुसत्या बसून राहिलात. तुमच्या दोन बसेस गेल्या. दुसऱ्या दिवसापासून सहा आठवडे रोज सकाळी सात वाजता तुमचा फोन यायचा, 'उठलात का? सरी. ठेवते.' सरी म्हणजे तुमचं 'बरं'. एवढंच. त्या दोन शब्दांवर मी उभा राहिलो, अक्का. बाराव्या मजल्यावरून खाली उतरायला लागलो, भाजी आणायला लागलो, सुधाशी भांडायला लागलो. तुमचे उपकार मी तोंडावर कधी बोललो नाही. वाटायचं, बोलू कधीतरी, घाई काय आहे.

म्हणजे सरावात खरं बोलता येतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. माझ्याइतकं त्या खोलीत दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि तरीही.

दसरा झाल्यावर रेवती आली. तुम्ही रचलेली मुलगी, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची, वसतिगृहातली, गावाचं नाव सांगत नाही. पहिल्या शुक्रवारी ती म्हणाली, स्वयंपाक करावासा वाटत नाही. एका माणसासाठी कुकर कशाला लावायचा. दही-भात खाते, कधी नुसतंच दही. मी बघणाऱ्यांत होतो. मनात म्हटलं, वसतिगृहातल्या मुलीला कुकर कुठला. पण बोललो नाही.

दुसऱ्या शुक्रवारी परत रेवती. 'घरात आवाज नसतो म्हणून रेडिओ लावून ठेवते. कोण बोलतंय ऐकत नाही.' मॅडम त्या दिवशी म्हणाल्या, नवं पात्र घ्या अक्का, मदतनिसांना वेगवेगळी मुलं हाताळता आली पाहिजेत. तुम्ही म्हणालात, 'हिचं अजून संपलं नाही.' सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो आणि बसथांब्यावर तुम्हाला चिडवलं, 'अक्का, ही तुमची रेवती पास कधी होणार?' तुम्ही म्हणालात, 'होईल की.' बसमध्ये चढलात. त्या दिवशी खिडकीतून काही सांगितलं नाहीत. एवढं मोठं चिन्ह, आणि मी आपला घड्याळात बघत होतो, सुधानं दूध आणायला सांगितलं होतं म्हणून.

तिसऱ्या शुक्रवारी मी तुमच्यासमोर बसलो होतो. औषधं काही चालू आहेत का, असा फॉर्मवर एक रकाना आहे. रेवती म्हणाली, 'होती. सोडली.'

'कशाची होती?'

'बीपीची.'

मी हसलो, अक्का. पेन खाली ठेवलं आणि हसलो. म्हटलं, 'अहो, बावीस वर्षांच्या मुलीला बीपीच्या गोळ्या कुठून लावताय? काहीतरी पटेल असं घ्या. थायरॉईड घ्या.'

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग म्हणालात, 'सरी. थायरॉईड लिहा.'

मी 'बीपी' खोडलं. वर 'थायरॉईड' लिहिलं. आणि खाडाखोड केली म्हणून शेजारी सही केली. कारखान्याची सवय. तो कागद आहे फाइलमध्ये, खोडलेलं 'बीपी' अजून वाचता येतं.

चौथा शुक्रवार. परत मीच समोर. दरवेळी पाळी माझ्यावरच कशी येते, असं मला वाटलं होतं. परवा त्या येलहंक्याच्या मुलीनं सांगितलं की त्या दिवशी पाळी तिची होती, तुम्हीच तिला म्हणालात, 'आज देशपांडे सरांना बसू दे.' मला निवडून बसवलं होतंत तुम्ही.

तुम्ही थकलेल्या दिसत होतात. पायांवर सूज होती, चप्पल बाजूला काढून ठेवली होती. मला वाटलं, काय हुबेहूब करतात अक्का. दहाव्या प्रश्नापर्यंत आलो. पत्रकाप्रमाणे सावकाश विचारलं. तुम्ही म्हणालात, 'कधीच नाही.' आणि थांबलात. माझ्याकडं बघत थांबलात.

मला कळलं तुम्ही कशासाठी थांबलात. म्हणजे तेव्हा वाटलं की कळलं. वाटलं, चारचौघांत मला पेचात पकडताहेत, मला दुसऱ्यांदा विचारायला लावून भांडण जिंकायचंय यांना. मला राग आला. मी फॉर्म तुमच्यापुढं सरकवला आणि म्हटलं, 'मग तशी खूण करा.' तुम्ही पेन घेतलंत आणि खूण केलीत. 'कधीच नाही'वर केली नाहीत, तिसऱ्या चौकोनात केलीत. बऱ्याचदा.

मी ती बघितली. आणि काय केलं? नियम पाळला. उठलो, कागद हातात घेतला, गठ्ठ्यात ठेवला नाही, थेट मॅडमकडं नेऊन दिला. तसूभर चूक नाही. मॅडमनी तो वाचला, खाली लिहिलं, 'खूप खरं वाटतं. उत्तम.' मी जागेवर आलो आणि म्हणालो, 'सराव संपला.'

त्यानंतर मी तुम्हाला काही विचारायचं नव्हतं. तोही नियमच. तुम्ही मात्र एकदा तो माझ्यासाठी वाकवला होतात, चाफ्याखाली, दोन बसेस सोडून. त्या संध्याकाळी बसथांब्यावर मी तुमच्याशी नीट बोललो नाही. गाल फुगवून उभा होतो. तुमची बस आली. तुम्ही म्हणालात, 'येते वो.' मी मान हलवली.

मंगळवारी तुम्ही आला नाहीत. फोन उचलला नाहीत. बुधवारी तुमच्या शेजारच्या गीताम्मांचा फोन आला, तुमच्या वहीत वीणाच्या खाली माझा नंबर होता म्हणून. कामवाली आली तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात पडलेल्या होतात. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी आणि सुधा रिक्षानं दवाखान्यात पोहोचलो तेव्हा तुम्हाला आत घेतलं होतं. डॉक्टर बाहेर आले, विचारलं, यांना बीपीची गोळी चालू आहे का? गीताम्मांनी घरातून येताना तुमच्या औषधांची पिशवी आणली होती. त्यांनी ती बाकावर उपडी केली. गोळ्यांच्या पट्ट्या पडल्या. सगळ्या भरलेल्या. एकीचीही एक गोळी काढलेली नव्हती.

'हे काय,' गीताम्मा म्हणाल्या, 'इल्ला, नाही, ती तर अगदी वेळेवर घ्यायची.'

मी त्या पट्ट्यांकडं बघत राहिलो आणि मला माझी सही आठवली. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

तुम्ही ताकास तूर लागू दिली नाहीत, असं सगळे म्हणतात. आतून इतक्या खचल्या होत्या, पण कुणाला कळू दिलं नाही हो. मी मान हलवतो. चार शुक्रवार लागोपाठ, साक्षीदारांसमोर, लेखी दिलं होतंत तुम्ही. आणखी काय करायचं असतं माणसानं?

मधल्या काळात मला तुमचा रागही आला. खूप आला. सरळ का नाही सांगितलंत? बसथांब्यावर सांगायचं, फोनवर सांगायचं, 'देशपांडे, मला बरं वाटत नाही,' असं चार शब्दांत सांगायचं. ती रेवती कशाला मध्ये घातलीत? मग आठवलं की मीही वसतिगृहातला मुलगाच मध्ये घातला होता. तुमचे यजमान गेल्यापासूनच्या दोन वर्षांत तुम्हाला जो तो येऊन सांगायचा, 'तुम्ही किती खंबीर आहात.' इतक्या लोकांनी खंबीर म्हटल्यावर माणूस बीपीच्या गोळीबद्दल कुठं बोलणार. त्या खुर्चीत खंबीर असायची गरज नव्हती. ती एकच जागा उरली होती बहुतेक तुम्हाला.

मी फाइल घेऊन मॅडमकडं गेलो. चारही कागद टेबलावर मांडले, ओळीनं, तारखेप्रमाणे. त्यांनी वाचले. आपलाच शेरा वाचला आणि चष्मा काढला. म्हणाल्या, 'गोळ्या सोडल्या म्हणूनच असं झालं, हे आपण छातीठोकपणे सांगू शकत नाही, देशपांडे. विसरूनही लोक सोडतात. पण मी वीस वर्षं हे काम करते. मला दिसायला हवं होतं.' मग म्हणाल्या की यापुढं सराव झाला की प्रत्येक 'विद्यार्थ्या'शी त्या स्वतः एकांतात पाच मिनिटं बोलणार. त्याप्रमाणे सुरूही केलंय त्यांनी. चांगलं केलं. मी विचारलं, वीणाला सांगू का? त्या म्हणाल्या, 'हा रुग्णाचा कागद नाही, तुमच्या मैत्रिणीचा आहे. तुम्ही ठरवा.'

मी न सांगायचं ठरवलं होतं. आई एकाएकी गेली, कुणाच्या हातात काही नव्हतं, एवढं समजून ती मुलगी सिंगापूरला परत गेली असती. सुधाही म्हणाली, गप्प बसा, मेलेल्या माणसाची झाकणं उघडू नका. पण काल वीणाचा फोन आला. 'अंकल, घर आवरतेय. अम्माच्या केंद्राच्या वह्या आहेत, घेऊन जाता का?' मी गेलो.

तुमच्या घरात तुमच्याशिवाय मी कधी गेलो नव्हतो. सगळी कपाटं उघडी होती. वीणा जमिनीवर बसून कागद वेगळे करत होती, अगदी तुमच्यासारखी, एक पाय दुमडून. मला चहा दिला. मग हातातले कागद खाली ठेवून म्हणाली, 'अंकल, एक विचारू? मी दर रविवारी विचारायची, अम्मा, गोळ्या घेतल्यास का? ती म्हणायची, घेतल्या की. दर रविवारी. मग त्या पट्ट्या भरलेल्या कशा? तुम्हाला काय बोलली होती का ती?'

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. 'नाही' हा शब्द जिभेवर तयार होता. पण ती परत म्हणाली, 'खरंच सांगा अंकल. काय बोलली होती का?' दुसऱ्यांदा विचारलं तिनं.

मग मी सांगितलं. हिरवं पेन, दोन खुर्च्या, दही-भात, रेडिओ. बीपी खोडून थायरॉईड लिहिलं तेही सांगितलं, सहीसकट. चौथ्या शुक्रवारी तुम्ही थांबलात आणि मी रागावलो तेही. माझी मान वर होत नव्हती. मी म्हटलं, 'अक्का एका मुलीच्या नावानं बोलत होत्या, बाळ. मी ती मुलगी खोटी धरून चाललो.'

मला वाटलं, आता वीणा मला घराबाहेर काढणार, आणि ते बरोबरच होईल.

'रेवती,' ती म्हणाली.

मी नाव सांगितलं नव्हतं.

'अम्मा फोनवर सांगायची. तुमच्या केंद्रात एक मुलगी येते म्हणून, रेवती. एकटी राहते. जेवत नाही, गोळ्या सोडल्या. मी म्हटलं, तिच्या घरी कोण नाही का? अम्मा म्हणाली, आहेत की, पण लांब असतात, त्यांच्या पाठीमागं त्यांची कामं. मी म्हटलं, मग त्यांना सांग ना अम्मा. ती म्हणाली, सांगतेय की.'

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. वीणानं माझा रिकामा कप उचलला आणि तसाच हातात धरून बसली.

'मी लॅपटॉपवर होते,' ती म्हणाली. 'म्हटलं, अम्मा, तू नुसती मदत करायला जातेस ना तिथं? मग दुसऱ्याच्या मुलीत एवढी अडकू नकोस.'